ऑर्किडच्या मुळांवरचा चिखल

गुरुवार, संध्याकाळ

मामाजींना सांगू की नको? सासरे असूनही ते कधी आवाज चढवत नाहीत, नुसते गप्प होतात. तेच मला झेपत नाही.

बहिणीने नागपूरहून आणलेल्या ऑर्किडची मुळं कुंडीबाहेर लोंबतात. ती कापायची नाहीत आणि मातीत पुरायचीही नाहीत, एवढं मला कळतं. एक लांब मूळ तर खिडकीच्या गजापर्यंत पोचलं होतं. मामाजी त्याच्याकडे रोज बघायचे. "मुळं अशी उघडी काहून ठेवली, सूनबाई? रोप जगत नाही असं." जन्मभर धान रोवलेला माणूस. मी हसण्यावारी नेलं.

आज शाळेतून आले तर सगळी मुळं चिखलात दाबलेली, धानाच्या रोवण्यात रोपं दाबतात तशी. ते लांब मूळही वळवून आत कोंबलेलं. मामाजी घरात नव्हते. सडतील या भीतीने मी कुंडी मोरीत नेली आणि चिखल धुऊन टाकला. पाणी लागताच मुळं हिरवी झाली, म्हणजे जिवंत आहेत. लांब मूळ मात्र मधेच पिचलंय. वाचेल का?

तेवढ्यात हे आले. म्हणाले, "गोसीखुर्द धरणाचं पाणी उतरलं म्हणून बाबा सकाळी तिकडे गेले होते. आपली बुडालेली धानाची बांधी उघडी पडली. तिथलीच माती आनली त्यायनं थैलीत."

मोरीच्या जाळीत थोडा चिखल अडकला होता. तो वाटीत काढून ठेवलाय. मूठभरही नाही.

अंगणात सायकल लावल्याचा आवाज आला. आल्या आल्या ते आधी खिडकीकडेच जातील.