काळ्याची डावी बाजू

ता. ४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

ताईच्या घरी माझं उत्तम चाललं आहे. मांडीचं हाड सांधत आलंय, असं डॉक्टर म्हणतात. आज सकाळी खिडकीच्या काचेवर दव गोठलेलं दिसलं आणि आधी तबेला आठवला. दोन्ही घोड्यांवर झुली चढवल्यास ना? चंदी बेताने दे. काम नसताना भरपेट खाणारा घोडा आणि तसाच जावई, दोघेही डोक्यावर बसतात.

मी घोडागाडीच्या बैठकीवरून पडलो त्या दिवशी सांगितलं तेच पुन्हा सांगतो. मी येईपर्यंत गाडी पडवीतून हलवायची नाही. घोड्यांना फिरवायचं ते अंगणात, दोरी धरून. स्टेशनवरचा तो लाल टोपीवाला गाडीवान आपली गाडी भाड्याने मागायला येईल. त्याचा माझ्या गिऱ्हाइकांवर केव्हापासून डोळा आहे. त्याला दारातूनच वाटेला लाव.

तुझ्या वहिनीचं पत्र आलं. फारच गोड होतं, एकही तक्रार नाही. लग्न झाल्यापासून तिचं असं पत्र मला आलेलं नाही, तेव्हा घरात काय शिजतंय ते तू सरळ कळव.

लोभ आहे तेवढा आहे. वाढवायचा की नाही ते तुझं उत्तर वाचून ठरवीन.

तुझा दादा

---

ता. ११ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप दादास शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. वहिनी ठणठणीत आहेत, उलट थंडी पडल्यापासून त्यांची भूक वाढली आहे. तुझा जाड कोट पेटीत कसर लागून जाईल म्हणून हल्ली त्याच वापरतात. लाल टोपीवाला घराकडे फिरकलेला नाही.

घोडे मजेत आहेत. केस चांगले दाट आलेत, त्यामुळे खरारा करायला वेळ लागतो. नालबंद परवा येऊन दोघांचे नाल बदलून गेला. काळ्याला डाव्या बरगडीवर किंचित घासलंय, पण मलम लावतो आहे, काळजीचं कारण नाही. यंदा पुलावर वारा भयंकर आहे, हातमोजे घालूनही बोटं आखडतात. मी बेकरीत भट्टीपाशी असतो म्हणून बरं.

डॉक्टर सांगतील तसा आराम कर. ताईला नमस्कार. धाकट्यावर नेहमीसारखी माया असू दे, संशय थोडा कमी केलास तरी चालेल.

तुझा धाकटा

---

ता. १७ नोव्हेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद. या वेळी अनेक नाहीत.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तू लहानपणापासून लबाडी करायला लागलास की गरजेपेक्षा जास्त माहिती देतोस. मी पडण्याच्या आदल्याच आठवड्यात नवे नाल ठोकून घेतले होते. अंगणात दोरीने फिरणाऱ्या घोड्यांचे नाल इतक्यात झिजले कसे? आपलं घर नदीच्या अलीकडे, तुझी बेकरीही अलीकडे. पुलापलीकडे स्टेशनखेरीज आहे काय? मग पुलावर बोटं कुणाची आखडतात? मी नालबंदाला गुपचूप पत्र टाकून विचारलं, तर त्याने सगळं छान आहे म्हणून कळवलं. त्याने आजवर कुणाचं, काही छान म्हटलेलं नाही. तोही सामील आहे.

हे सगळं एकवेळ पोटात घातलं असतं, पण काळ्याच्या बरगडीचं काय? काळा जन्मभर डावीकडे जुंपलेला, मधला दांडा त्याच्या उजव्या अंगाला. त्याची डावी बाजू घासली, याचा अर्थ त्याला उजवीकडे, तांबड्याच्या जागी जुंपला. ही चूक तू झोपेतसुद्धा करणार नाहीस. माझ्या घोड्यांना परका हात लागला आहे, आणि तो तुम्ही सगळे मिळून झाकता आहात.

भर थंडीत परक्याच्या हाताखाली माझी जोडी झिजावी, त्यापेक्षा ती विकलेली बरी. घोड्यांचा एक व्यापारी या जोडीवर अजून टपून बसला आहे. तुझ्या पुढच्या पत्रात त्या माणसाचं नाव आलं नाही, तर व्यापाऱ्याला येऊन दोघांना घेऊन जायला लिहितो.

लोभाचं नंतर बघू.

दादा

---

ता. २२ नोव्हेंबर

घरच्या मालकांस सा. न. वि. वि.

भावोजींवर रागावू नये. मीच त्यांना शपथ घातली होती. तो परका हात माझा आहे.

गाडी मी चालवते. आधी मागच्या माळावर शिकले, आता स्टेशनवर उभी करते. पहिल्या दिवशी काळ्याला भलत्या बाजूला जुंपला. तो बिचारा मला सांगत होता, मलाच कळत नव्हतं. त्याची जखम आता भरली आहे. लाल टोपीवाला आधी खूप हसला. म्हणाला, आता चूल कोण, घोडा सांभाळणार का? मी म्हटलं, तुमच्या घरी कोण सांभाळतं ते विचारून या. तेव्हापासून वाऱ्याच्या आडोशाची जागा माझ्यासाठी सोडतो.

हे लपवलं त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते समोर बसून सांगायचं होतं. पण तुम्ही व्यापाऱ्यापर्यंत पोचलात, म्हणून लिहिते. ताईंचं मला पत्र आलं होतं. तुमचा गुडघा आता वाकणार नाही, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं आहे. काठीने चालाल, पण बैठकीवर चढता यायचं नाही. भावोजींना उंचावर बसलं की गरगरतं, हे तुम्ही जाणता. उरले कोण? घोडे विकले असते तर तुम्ही माझ्यासाठी परत आला असतात, नाही असं नाही. पण रिकाम्या तबेल्यासमोर तुम्हाला रोज बसलेलं बघायची माझी छाती नव्हती.

आता व्यापाऱ्याला लिहायचं तर लिहा. फक्त त्या दोघांना दारातून बाहेर काढायला तुम्ही स्वतः या. माझ्याने ते होणार नाही.

रागातही थोडी जागा माझ्यासाठी ठेवावी.

आपली मंडळी

---

ता. २८ नोव्हेंबर

गाडीवानबाईंस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून ताईवर रागावलो आणि दोन दिवस तिने वाढलेलं ताट परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी तिनेच दामटून जेवायला बसवलं.

गुडघ्याचं मी ओळखलं होतं. आधी डॉक्टर घरी कधी जाल ते सांगायचे, मग हवापाण्याच्या गप्पा मारू लागले. मी काही विचारलं नाही. मला भीती वाटली. घोड्यांवर इथून पहारा ठेवणं सोपं होतं, म्हणून ते करत बसलो आणि तुम्हा सगळ्यांना चोर ठरवलं. धाकट्याला माझे राहिलेले आशीर्वाद दे.

व्यापाऱ्याला लिहिलेलं पत्र खिशातच होतं. ते ताईच्या चुलीत गेलं.

पुलावरून उतरताना सांभाळ. आता तिथे सकाळी बर्फाचा पातळ थर धरतो, दिसत नाही. दोघांचे लगाम एकदम ओढू नकोस. आधी तांबड्याला आवर, काळा त्याचं बघून आपोआप पाय टाकतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, धाकट्यालासुद्धा नाही. माझ्यावाचून गाडी चालू नये असं वाटायचं.

सोमवारी दुपारच्या आगगाडीने येतो. न्यायला तूच ये. मला मागे बसवताना धाकट्याची मदत लागेल, पण लगाम तुझ्याच हाती असू दे. वाटेत मी गप्प बसेन असं मात्र वचन देत नाही.

आपलं गिऱ्हाईक