वाट बघणारा मेंदू

मंगळवार, संध्याकाळ. पुंडलिकनगर.

सूनबाईच्या चिकलठाण्याच्या कंपनीत नवा कॉम्प्युटर घडवताहेत. तिच्या साहेबांना त्याचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, आणखी वेगवान हवा होता. हिनं आधी महिनाभर जुन्या मशीनवर रोजची कामं कशी चालतात तेच तपासलं.

"बाबा, तो मेंदू निम्मा वेळ रिकामाच! माहितीची वाट बघतो, तुम्ही चहाची बघता तशी."

निम्मा वेळ! आणि आज भर बैठकीत हिनं साहेबांनाच 'तुमचं चुकतंय' म्हटलं; मेंदू नको, त्याच्याकडं माहिती पोचायची वाट वेगवान करा. ऐकूनच मला धास्ती, नोकरी राहिली का?

शाळेत आमचे मास्तर कवितेला चाल लावण्याआधी ती वर्गाकडून म्हणवून घेत. आमचा श्वास कुठं तुटतो ते ऐकत, तिथंच विराम देत. हिचे कान तसलेच.

साहेबांनी तिचे महिनाभराचे आकडे मागवून पाहिले म्हणे. मग म्हणाले, "नवा आराखडा तूच काढ."

एवढं सांगून ती माझ्या चहाचं आधण ठेवायला उठली.