भिंतीवरची कातर

सोमवार, ४ मार्च

मीठ सापडेना! माझ्याच स्वयंपाकघरात, मला! इतकी वर्षं न बघता हात घातला की मीठ हाती यायचं. आता ह्यांनी डबे उंचीप्रमाणे लावलेत. भिंतीवर निळ्या रंगाने पळी, झारा, सुरी, किसणी, सगळ्यांच्या आकृत्या काढल्यात. जी वस्तू तिथली, ती तिथेच टांगायची. वर्कशॉपात पाने-हातोड्या अशाच ठेवतात म्हणे, काय हरवलं ते लगेच कळतं. हरवलंय ते मीठ! त्याची कुठाय आकृती?

वर्कशॉप बंद पडलं तेव्हा वाटलं, फिटर माणूस, घरात बसून खचेल. खचतोय कसला! माझ्या मुळावर आलाय.

मंगळवार, ५

सासूबाई कमरेचं हाड मोडून पलंगावर. मी केस विंचरायला घेतले तर म्हणतात, "राहू दे गं. तो विंचरेल. तू चिंधी फाडल्यासारखी ओढतेस." आणि ह्याच पूर्वी म्हणायच्या — पुरुषाने स्वयंपाकघरात कडमडू नये! मी आठवण करून दिली. तर काय म्हणाल्या? "तेव्हा त्याच्या हाताला चव आहे हे कुठे ठाऊक होतं!"

सून म्हणून माझी नोकरी गेलीच समजा.

गुरुवार, ७

आमच्या शिलाईच्या कारखान्यात बायका शिवतात, पुरुष कापतात. पहिल्यापासून तसंच. मोठी कातर कापणाऱ्या मास्तरांची. संध्याकाळी पिशवीत घालून घरी नेतात. आम्हाला हात लावू देत नाहीत, बायकोलाही देत नसतील. ते आता सोडून चाललेत. आज मालकीणबाई सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "एक तारखेपासून कापायला तू. स्वतःची कातर घेऊन ये."

मशीनी थांबल्या.

मी म्हटलं, घरी विचारून सांगते. कापायचं म्हणजे पहाटे निघायचं, दिवे लागल्यावर यायचं. सासूबाईंपाशी कोणीतरी हवंच ना.

शेजारच्या मशीनवरची फिस्सकन हसली. "तू? घरी विचारणार? कधीपासून गं?"

आगाऊ मेली!

शुक्रवार, ८

ह्यांना सांगितलं. "हं" म्हणाले. गाजर किसत राहिले.

रविवार, १०

वर्कशॉपचा मुकादम आला. नवा मालक आलाय, वर्कशॉप सुरू होतंय, ह्यांना बोलावलंय. हे कमरेला टॉवेल, हाताला पीठ, तसेच दार उघडायला गेले! तो बघतच राहिला. चहा प्यायला, वर दोनदा म्हणाला, "वा, काय चहा!" माझा चहा वर्षानुवर्षं ढोसला, कधी वा नाही निघालं तोंडातून.

तो गेल्यावर हे परत कणीक मळायला लागले. बोलावलंय म्हणजे जाणारच. मग सासूबाईंजवळ मी, आणि माझं कापणं राहिलं. मी स्पष्ट सांगितलं — अहो, जायचं की नाही, बुधवारपर्यंत काय ते बोला!

पण खरं लिहायचं तर जरा हलकंच वाटलं. कापडाचे थर एकावर एक घालून एकदम कापतात. हात जरा सरकला की सगळेच सदरे वाया. मास्तरांचा एकदा सरकला होता. मास्तर म्हणून निभावलं. मी बाई!

बुधवार, १३

आज कामावरून आले तर भिंतीवर झाऱ्याशेजारी नवी आकृती. कातर! केवढी थोरली — झुडपं छाटायची वाटते. जागा मोकळी.

हे सासूबाईंचे केस विंचरत होते. मान वर न करता म्हणाले, "मुकादमाला फोन करून नको म्हणून सांगितलं. मी इथे बरा आहे." मी पिशवी खाली ठेवली, तर पुढे म्हणाले, "तू घरी विचारणार होतीस ना? घराचं म्हणणं, घे. आता घराच्या आड लपू नकोस. घाबरलीयस तर तसं सांग. पण भिंत अशी मोकळी मला चालायची नाही. शुक्रवारपर्यंत बोल — घेतेस का कातर?"

पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "शुक्रवारी सकाळपर्यंत!"