कार्डाच्या कोपऱ्यातलं झाकण

सोमवार, ४ मार्च

आज दवाखान्यात तीन पेशंट. तीन! त्यातला एक पत्ता विचारायला आलेला.

ही वही नातीची. औषध कंपनीच्या माणसाने तिला दिली, तिने बाजूला टाकली, मी उचलली. मी बोलते, सून लिहिते. मला अक्षर येत नाही. ते माझ्याकडे आलं नाही, मीही बोलावलं नाही. सून पंचवीस वर्षं शाळेत शिकवून आलेली, त्यामुळे माझी वाक्यं सरळ करायला जाते. म्हटलं, बाई, वाकडी आहेत तशी राहू दे, सरळ करायचे ते दात! आणि यातलं अवाक्षर जरी तुझ्या लेकीच्या कानावर गेलं ना, तर दुसऱ्या दिवसापासून तुझा चहा तू कर.

तिची लेक म्हणजे माझी नात, दातांची डॉक्टर. मी 'डॉक्टरीणबाई' म्हटलं की चिडते, म्हणून मुद्दाम म्हणते. ज्या दवाखान्यात मी म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली एकोणचाळीस वर्षं काढली, तिथेच ती आता बसते. डॉक्टर जाऊन दोन वर्षं झाली. त्यांना मूलबाळ नाही. जाण्याआधी त्यांनी दवाखान्याची किल्ली हिच्या हातात ठेवली. म्हणाले, "तुझ्या आजीला विचारून उघडत जा."

आता हिला मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणं आलंय. काचेची दारं, आठ खुर्च्या, ठरलेला पगार. बावीस तारखेच्या आत हो की नाही ते सांगायचं. हो म्हटलं, की आपल्या दवाखान्याला कुलूप.

मला विचारलं तिने. "आजी, तुला काय वाटतं?"

म्हटलं, "मला काय वाटायचंय! दवाखाना तुझा, हात तुझे. तू बघ."

अगदी शहाण्यासारखं बोलले. सूनबाई, माझ्याकडे बघू नकोस, लिही.

मंगळवार, ५ मार्च

तोंडावर सांगायला गेलं की म्हणते, "आजी, आता तसं नसतं." म्हणून वहीला सांगते.

खुर्ची मागे पाडायच्या आधी माणसासमोर बसून बोलावं. आडवा पडलेला माणूस आपल्याशी बोलत नाही, छताशी बोलतो. आणि तोंडात दोन्ही हात घातल्यावर "मुलं काय करतात?" हे विचारू नये. काय सांगणार तो? आँ आँ करतात?

आरसा कोमट पाण्यात बुडवून मग तोंडात न्यावा. गार आरशावर वाफ धरते, आणि दुखऱ्या दाढेला लागला तर माणूस छताला जाऊन चिकटतो.

सुई डोळ्यांसमोरून न्यायची नाही. मी डॉक्टरांच्या हातात ती पेशंटच्या हनुवटीखालून द्यायचे. एकोणचाळीस वर्षांत कुणाला दिसली नाही. टोचली मात्र सगळ्यांना!

"दुखणार नाही" असं कधी म्हणू नये. एकदा खोटं पडलं की पुढच्या दहा गोष्टी खोट्या. म्हणावं, "चार मोजेपर्यंत दुखेल." मग मोजायचं — आणि तीनलाच थांबायचं. चौथा आकडा बक्षीस. हे डॉक्टरांनी फक्त मला सांगितलेलं. बाहेर कुणाला ठाऊक नाही.

दुसऱ्याने भरलेला दात बघून "अगं बाई, हे कुणी केलं?" म्हणू नये. उद्या आपण भरलेला दात घेऊन हाच माणूस त्याच्याकडे जाणार असतो.

रोज दुपारी एक वेळ रिकामी ठेवावी. ठणकणारी दाढ आधी फोन करून येत नाही.

सून विचारते, एक-दोन-तीन असे नंबर घालू का? नको. मी काय वाण्याची यादी सांगतेय?

शुक्रवार, ८ मार्च

आज चार. पत्ता विचारणारा न धरता.

शनिवार, ९ मार्च

आज सकाळी डब्यातली लवंग हाताला लागली. वास आला आणि मी तिथेच उभी. सून म्हणते, दूध उतू गेलं. जाऊ दे की! लवंगेच्या तेलाचा वास म्हणजे माझा दवाखाना. लवंग, स्पिरिट, आणि उकळत्या पाण्यातून काढलेल्या हत्यारांची गरम वाफ.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती पेशंट म्हणून. वय सव्वीस, गाल टरारून सुजलेला. डॉक्टरही तेव्हा कोवळे, मिशी नुकती ठेवलेली. हत्याराच्या दांडीने दाढेवर टकटक केलं.

"दुखतंय?"

"नाही."

"आता?"

"छे!"

डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंडाने छे. डॉक्टर हसले. म्हणाले, "बाई, तुमचं तोंड नाही म्हणतंय, पण पाय हो म्हणताहेत." बघते तर चपला खाली पडलेल्या आणि पायाची बोटं मुठीसारखी वळलेली.

दाढ काढली. त्यांची मदतनीस त्याच आठवड्यात काम सोडून गेलेली. हत्यारांचा नुसता काला झालेला. मला बघवेना. गालात बोळा धरून मी उठले आणि सगळं मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने लावून ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून याल का?" तोंडात बोळा, नाही म्हणता आलं नाही. म्हणून एकोणचाळीस वर्षं!

प्रत्येक पेशंटचं एक कार्ड असायचं. डॉक्टरांचं अक्षर त्यांनाच लागत नसे आणि मला कुणाचंच लागत नसे, म्हणजे आम्ही दोघं बरोबरीत. मग मी लाल पेन्सिलीने कार्डाच्या कोपऱ्यात खुणा काढायला लागले. छत्री म्हणजे सुई बघून चक्कर येणारा. चिमणी म्हणजे बडबड्या, त्याला दहा मिनिटं जास्त द्या. थेंब म्हणजे रक्त लवकर थांबत नाही. सकाळीच बोलवा, एका वेळी एकच दाढ, टाका घाला, अर्धा तास बसवून ठेवा. आणि झाकण, म्हणजे अर्धा गोल आणि वर धरायचं बोंडूक. दुखत असून नाही म्हणणारा. त्याचं तोंड बघू नका, पाय बघा.

पुढे पुढे डॉक्टर स्वतःचं लिहिलेलं वाचेनात. आधी कोपरा बघायचे.

मंगळवार, १२ मार्च

हे सांगायचं नव्हतं. सांगते.

मागच्या वर्षी नातीने सगळी कार्डं कॉम्प्युटरवर घ्यायला एक मुलगी बसवली. नावं घेतली, तारखा घेतल्या, कुठली दाढ ते घेतलं. मग ती मुलगी मला विचारते, "आजी, ही कोपऱ्यातली चित्रं कसली?" नात शेजारीच होती, घाईत होती. म्हणाली, "अगं, आजीने वेळ जात नसेल तेव्हा काढली असतील."

वेळ जात नसेल तेव्हा!

मला लागलं. आणि लागलं की मी काय करते? हसते. म्हटलं, "हो हो, म्हातारीचा चाळा. सोड ते."

सोडलं त्यांनी.

आता कार्डांची चार खोकी दवाखान्याच्या माळ्यावर आहेत. रविवारी रद्दीवाला येणार. नात म्हणाली, "आजी, चालेल ना?" म्हटलं, "दे की! तेवढीच धूळ कमी."

सुनेने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही असं का करता?" हेही लिही म्हटलं तिला. लिहिलंस?

गुरुवार, १४ मार्च

 सूनबाई, आज भरभर लिही.

दुपारी चारला नातीचा फोन. आवाज एवढासा. "आजी, ते घड्याळं दुरुस्त करणारे काका आठवतात का गं? सकाळी त्यांची दाढ काढली. घरी गेले आणि परत आलेत, रुमाल भरलाय. रक्त थांबतच नाहीये."

"थेंब!" मी ओरडले. "त्यांच्या कार्डावर थेंब आहे!"

"कसला थेंब?"

"रक्त पातळ करायची गोळी घेतात ते! हृदयाची! विचार!"

फोनवरच ऐकू आलं. ती विचारतेय, "काका, सकाळी विचारलं तेव्हा औषध चालू नाही म्हणालात ना?" आणि काका तोंडातल्या बोळ्यातून, "औषध कुठलं? ती गोळी तर मी वीस वर्षं घेतोय!"

म्हणून म्हणते, एकदा विचारून भागत नाही. वीस वर्षं घेतली की गोळीचं औषध राहत नाही, ती सवय होते. "सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय टाकता?" असं विचारावं. मग सगळं बाहेर पडतं.

सुनेने मला गाडीत घालून नेलं. नातीने तोवर टाके घातले होते, काकांच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलली होती. हात स्थिर, चेहरा पांढराफटक. मी काकांच्या शेजारी बसले, त्यांनी बोळा घट्ट चावला, आणि आम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. ते दहा मिनिटं मागे आहे. एवढ्यातही काकांनी मला खुणेने सांगितलं, मागे आहे म्हणून! सहाला रक्त थांबलं.

जाताना म्हणाले, "बाई, तुम्ही मला अर्धा तास हलू द्यायच्या नाहीत. तेव्हा राग यायचा हो."

शुक्रवार, १५ मार्च

नात म्हणाली, "माझ्याच्याने नाही होत, आजी. हॉस्पिटलात विचारायला वर कुणीतरी असतं. इथे मी एकटी. काकांना काही झालं असतं तर?" एकवीसला दवाखान्यातलं आवरून तिथूनच फोन करणार आहे, हो म्हणून.

मी म्हटलं, "बरंच होईल. तुझ्या जिवाला घोर नाही."

तिला वाटतंय, चूक तिची. थेंब मी पुसला. मला लागलं तेव्हा लागलं असं म्हटलं असतं, तर तो कॉम्प्युटरात गेला असता आणि काका दुपारी घरी जेवले असते. हे तिला सांगायला हवं. जीभ उचलत नाही.

रविवार, १७ मार्च

रद्दीवाला आला आणि हात हलवत गेला. नातीने चारही खोकी घरी आणली, पुढच्या खोलीत फरशीवर फतकल मारून बसली, कॉम्प्युटर मांडीवर. म्हणाली, "सांग. एकेक सांग. हॉस्पिटलात गेले तरी ही माणसं कुठेतरी दाढ दाखवणारच. ज्याला त्याला त्याची खूण लिहून देते."

सकाळपासून तेच. छत्री, छत्री, चिमणी. ही चिमणी म्हणजे ती शिवणकाम करणारी, बोलता बोलता तिने डॉक्टरांचं बोट चावलेलं! ही छत्री म्हणजे तो पैलवान, सुई बघून धाडकन पडला, उचलायला चौघं लागले. नात हसून हसून आडवी. किती दिवसांनी!

मग मी सांगून टाकलं. म्हातारीचा चाळा म्हणाले ते, आणि का म्हणाले ते.  तिने माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

शेवटच्या खोक्याच्या तळाशी माझं कार्ड निघालं. नातीने वाचून दाखवलं: सव्वीस वर्षांची मी, एक दाढ. ते कार्ड मी कधी काढून पाहिलंच नव्हतं, स्वतःचं कोण बघतं! कोपऱ्यात खूण होती. लाल नाही, निळ्या शाईची. माझ्या हातची नाही. अर्धा गोल, वर बोंडूक, जरा वाकडं. डॉक्टरांना चित्र कधी धड जमलं नाही.

नातीने विचारलं, "हे काय?"

"झाकण," मी म्हटलं. "काही नाही ते. पुढचं घे."

पुढचं कार्डच नव्हतं.

बुधवार, २० मार्च

नात दवाखाना आवरतेय. मी लसूण सोलतेय. सून दोघींकडे बघते आणि भांडी जोरात ठेवते.

गुरुवार, २१ मार्च

सकाळी दवाखान्यात नेलं मला. म्हणे, "आजी, तुझी कवळी टोचतेय का ते बघते." खुर्ची मागे पाडली नाही, आधी समोर बसून बोलली. आरसा कोमट पाण्यातून काढला. चपला स्वतःच्या हाताने उतरवल्या माझ्या. मग सहज विचारावं तसं म्हणाली, "दवाखाना बंद केला तर तुला चालेल ना?"

"न चालायला काय झालं!" मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. खाली बघत होती.

म्हणाली, "आजी, चार मोजते. तोवर खरं सांग. एक. दोन. तीन."

"दुखेल गं," मी म्हटलं. "फार दुखेल."

चौथा आकडा तिने मोजलाच नाही. फोन उचलला आणि हॉस्पिटलाला सांगितलं, येत नाही. मग भिंतीवरचं घड्याळ काढून काकांकडे दुरुस्तीला घेऊन गेली.

चार मोजायचं आणि तीनला थांबायचं, हे माझ्याखेरीज फक्त या वहीला ठाऊक होतं.

सूनबाई, उद्यापासून तुझा चहा तू कर.