हनुवटीवरचा ठिपका

सोमवार

पोचले एकदाची! समुद्राकाठच्या कड्यावर दोन खोल्या आणि पुढे लपण. लपण म्हणजे फळ्यांची खोली. आत दडून फटीतून पक्षी बघत बसायचं, हीच नोकरी. माझ्यासारख्या पक्षीवेडीला आणखी काय हवं? हवा मात्र भिकार. पाऊस आडवा मारतोय आणि भिंतींना मासळीच्या पाण्याचा वास. आल्या आल्या कंबर कसून फरशी घासली, कप पुन्हा पुन्हा विसळला. शेजारी इथला म्हातारा राखणदार राहतो. नाकातोंडावर कायम मफलर, त्यामुळे त्याचं अर्धं बोलणं लोकरीतच अडकतं.

घरी फोन केला. धाकटी बहीण हसली, म्हणाली, ताई, तू आणि पक्ष्यांची घाण, जमायचं कसं? तिची रजा संपतेय, म्हणून रविवारी ती ढमीला माझ्याकडे आणून सोडणार. ढमी म्हणजे माझी भाची, नुकतीच बसायला लागलीय. माळ्यावर पाळणा सापडला, तोही घासून ठेवला.

मंगळवार

दिवसभर कुरव, म्हणजे सीगल, पाहिले. पांढरेशुभ्र, ऐटबाज, चोचीच्या खालच्या बाजूला लाल ठिपका. लांबूनच बघावेत असे. पिल्लू त्या ठिपक्यावर टोचतं, की आई नाहीतर बाप घशातून अर्धवट पचलेली मासळी ओकतो आणि पिल्लू ती चवीने गिळतं. दुर्बिणीतून सगळं ताटात वाढल्यासारखं दिसलं. रात्री जेवण गेलं नाही.

बुधवार

वादळ. रस्ता बंद. मोठे कुरव समुद्रावर गेले ते परतलेच नाहीत. पिल्लं विष्ठेत लडबडून मरताहेत. एकाला टॉवेलात गुंडाळून आत आणलं. राखणदाराने दिलेल्या बादलीतला मासा चिमट्याने धरला, तोंड फिरवलं त्याने. राखणदार म्हणाला, असं नाही घ्यायचं ते, चावून तोंडातूनच द्यावं लागतं. मी म्हटलं, शी! तर म्हणतो, या नोकरीवर आधी होती ती बाईपण असंच म्हणायची.

गुरुवार

दिलं. एकदाच. मान टाकत होतं बिचारं, मला राहवलं नाही. कच्चा मासा खवल्यांसकट चावला आणि त्याने माझ्या ओठांत चोच खुपसली. नंतर साबणाने जीभ घासली. पिल्लू जगलं. त्याची चोच माझ्या हनुवटीला लागली होती, तिथे लाल पुटकुळी आलीय.

शुक्रवार

पुटकुळी नाही, ठिपका. गोल, गुळगुळीत. दुखत नाही. पिल्लाने त्यावर टोचलं आणि माझ्या पोटातून सगळं आपसूक वर आलं. त्याने ते खाल्लं. मला माझीच शिसारी आली. पण त्याहून वाईट म्हणजे बरं वाटलं. हलकं.

शिजवलेलं काही नको वाटतंय. बादलीतली मासळी कच्चीच — लिहवत नाही.

शनिवार

दार उघडं राहिलं. खोली पिल्लांनी भरलीय. टोचतात — मी ओकते — पुन्हा बादली.

राखणदाराला धरून विचारलं, हे जातं कधी? त्याने मफलर खाली केला. ओठापासून गळ्यापर्यंत लाल, ओलं. म्हणाला, जात नाही. समोर भूक दिसली की पोटातलं वर येतंच. मग ती कुणाचीही असो.

कुणाचीही. ढमी!

फोनला आवाज नाही. धाकटे, येऊ नकोस —

रविवार

उघडीप पडली आणि ती आलीच. मी दाराला कडी घातली, ओरडले, परत जा. तिला वाटलं, तापात बरळतेय. मागच्या दाराने शिरली. काय दशा करून घेतलीस म्हणाली, ढमीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि पाणी तापवायला गेली.

तोंडाला टॉवेल बांधलाय. लिहितेय ते हात गुंतलेले राहावेत म्हणून. हाक मारायला तोंड उघडलं तर —

ढमीला भूक लागलीय. टॉवेल ओढतेय. गाठ सैल —

सुटली.

इवलंसं बोट हनुवटीवर —

धाकटे, लवकर — हिने तोंड उघडलं — वर येतंय — गरम —