गुरुवारची चिठ्ठी

प्रिय उनाइसी,

अगं पोरी, परवाच्या बोटीने तुझं पत्र आलं आणि तुझी ही आजी, तुझी बुबू, दिवसभर गावभर उंडारली! मत्स्यखात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी! आधी पाद्रीबाबांना सांगितलं, मग नर्स वासेमाकाला, मग वाटेत आडव्या आलेल्या डुकरालाही सांगितलं असेन. मी चौथीपर्यंत शिकलेली, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचणारी, त्यामुळे पहिलं पान संपताच पळत सुटले. दुसरं पान घरी आल्यावर वाचलं. नोकरी घेणार नाही, महिनाअखेरीला नकार कळवणार, आणि सुवा शहर सोडून कायमची इथे येऊन माझ्याबरोबर चटया विणणार, असं लिहिलंयस. तुझ्या चटया वाकड्या होतात, बाळा. पण ते राहू दे.

इथलं म्हणशील तर वादळात उडालेलं देवळाचं छप्पर अजून अर्धंच बसलंय, पाऊस आला की उजवीकडचे लोक डावीकडे सरकतात आणि भजन मध्येच थांबतं. फणसाच्या झाडाला या वर्षी फळ नाही. तुझी लोसालिनी आत्या तशीच आहे, तोंडाला कुलूप नाही. तू विद्यापीठात जीवशास्त्र शिकायला निघालीस तेव्हा तीच म्हणाली होती ना, “चार वर्षं माशांची आतडी बघायला सुवाला कशाला जायचं? माझ्याकडे ये, रोज टोपलीभर देते!” आणि तुझे आजोबा तिच्यावर खेकसले होते, “तू गप. माझी नात माशांची नाडी बघणार आहे.” मग कावा प्यायला जमलेल्या सगळ्यांना तू परातीपाशी बसून समजावलंस, हे शिकून कुणी इस्पितळात रक्त तपासतं, कुणी डासांच्या मागे लागतं, कुणी अळूच्या कंदावरचा रोग शोधतं, कुणी शाळेत शिकवतं, कुणी समुद्राचं काम करतं. आजोबांनी तेवढा समुद्र ऐकला. कोळ्यांच्या घराण्यातला माणूस, दुसरं काय ऐकणार! त्यांनी स्वतःचा लाकडी मुठीचा चाकू तुझ्या पिशवीत घातला आणि तुझ्या मास्तरांनी तो प्रयोगशाळेच्या दारातूनच परत पाठवला. आजोबा आठवडाभर मास्तरांना शिव्या देत होते, आणि आठवडाभर खूशही होते, की चाकू दारापर्यंत तरी गेला.

मग ते वादळ झालं. फोनचा मनोरा पडला, समोरचा प्रवाळ तुटून किनाऱ्यावर येऊन पडला, आणि महिन्याच्या आत माझा भाऊ, आपला मुखिया, राटू सैलोसी गेला. रीतीप्रमाणे शंभर रात्रींसाठी समोरचं पाणी बंद झालं. खांब रोवला, गळ नाही, जाळं नाही. तू मातीला आलीस आणि जाताना बंद पाण्यातले पाच मासे मागितलेस. गाव किती कुजबुजलं! आजोबांनी स्वतः धरून दिले तुला. तू मला बसवून सांगितलंस, “बुबू, प्रवाळ तुटला की त्यावर बारीक शेवाळ वाढतं. त्याचं विष लहान माशात जातं, लहानातून मोठ्यात. चवीला कळत नाही, वासाला कळत नाही, शिजवून जात नाही. मी तपासते आणि पाणी उघडायच्या आत चिठ्ठी पाठवते. तुलाच पाठवते. मुखियाची बहीण बोलली की गाव ऐकेल.”

शनिवारी पाणी उघडल्याची जेवणावळ झाली. सात गावांची माणसं आली होती. भट्टीतून मासे निघाले, आणि मोठ्या लाल माशाचं डोकं मानाच्या माणसापुढे ठेवायचं म्हणून तुझ्या आजोबांपुढे आलं, कारण नवा मुखिया अजून बसला नव्हता आणि जाळं त्यांनी टाकलं होतं. पानावर मी वाढलं, माझ्या हाताने. त्यांनी डोळे खाल्ले, गाल खाल्ले, हाडं चोखली, बोटं चाटली. अंधार पडायच्या आत ओठांना मुंग्या आल्या. अकरा जण आजारी पडले, दहा उठले. आजोबांना मी गार पाणी दिलं तर पेला फेकला. म्हणाले, “मेरेसेइनी, पाण्यात निखारे घातलेस काय?” आणि हसले. मग म्हणाले, दात हलतायत, पोहायला निघालेत वाटतं. मंगळवारी सकाळी वासेमाकाने मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. नाडी इतकी सावकाश चालली होती, की पुढचा ठोका येईल की नाही म्हणून आम्ही दोघी वाट बघत बसलो. दुपारी तो आला नाही.

तू आलीस. सगळ्यांनी तुला सांगितलं, तुझी चिठ्ठी सोमवारच्या बोटीने आली. तू रडली नाहीस. आजोबांचा चाकू तेवढा घासून ठेवलास आणि गेलीस. तेव्हापासून प्रत्येक पत्रात एकच ओळ असते, मी दोन दिवस उशीर केला. या वेळीही दुसऱ्या पानावर तीच आहे. जिला वेळेवर सांगता आलं नाही तिने लोकांचं अन्न तपासू नये, असं लिहिलंयस.

उनाइसी, चिठ्ठी गुरुवारी आली होती. मी एकटीच जेवणावळीच्या चटया विणत बसले होते, बोटीवरच्या माणसाने माझ्या हातात दिली. मी बोट ठेवून दोनदा वाचली. लाल मासा अजिबात खाऊ नका, डोकं आणि काळीज तर मुळीच नको. एकेक शब्द कळला मला. पण बंद पाण्यातला मासा म्हणजे गेलेल्या माणसाने गावाला दिलेलं जेवण. सात गावांपुढे उभं राहून माझ्या भावाच्या हातचं अन्न विषारी आहे, असं मी म्हणायचं? मग विषारी मासा ओळखायला माझी आई करायची ते केलं. शुक्रवारी पहिलं जाळं पडलं तेव्हा एक तुकडा उन्हात ठेवला, त्यावर माशा बसल्या. एक तुकडा मांजरीला घातला, ती खाऊन झोपली. मी मनाशी म्हटलं, पुस्तकवाली पोर एकदा चुकली. चिठ्ठी चटईच्या टोपलीत तळाशी सारली. रविवारी मांजरीचे मागचे पाय लुळे पडले होते. सोमवारी बोट आली तेव्हा मी धक्क्यावर गेले आणि चिठ्ठी हातात धरून परत आले. सगळ्यांनी मला येताना पाहिलं. चिठ्ठी त्याच बोटीने आली, असं सगळ्यांनी धरलं. तू स्वतःला दोष देत होतीस आणि मी तो तुला देऊ दिला, अडीच महिने. चिठ्ठी या पत्रासोबत पाठवते आहे. पाकिटावर बोटीच्या कारकुनाचा शिक्का बघ, गुरुवारचाच आहे. तू दोन दिवस आधी सांगितलं होतंस. आता तुझ्या आजोबांसाठीही तसंच शंभर रात्री पाणी बंद आहे, आणि पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला ते उघडेल. आधी ये, खात्याची माणूस म्हणून ये, मासे काप, आणि जे निघेल ते जेवणावळीत उभी राहून सांग. तुझ्या आधी मी उभी राहीन आणि गुरुवारचं सांगेन. मग गावाने माझ्या हातचं खायचं की नाही, ते गाव ठरवेल. तू माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव. मला उत्तर पाठवू नकोस, त्या खात्याला पाठव, महिनाअखेरीच्या आत. चाकूला मी धार लावून ठेवली आहे.

तुझीच,
बुबू मेरेसेइनी