आपोआप मिटणारी पिशवी

१२ जानेवारी

चि. भिंग्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं आणि मी कात्री खाली ठेवून तीनदा वाचलं. चौथ्यांदा दाजींनी मोठ्याने वाचून दाखवलं, ते वेगळंच. अकरा वर्षं डाकबोटीने ये म्हणून घसा कोरडा केला, तर दुकान कोण सांभाळणार हे तुझं एकच तुणतुणं. आणि आता म्हणे दोन मित्रांबरोबर मोटारबोटीतून, उघड्या समुद्रावर दिवसभर! लहानपणी हौदात पाय घालायलासुद्धा माझा हात लागायचा तुला. जन्मभर लोकांच्या डोळ्यांवर भिंगं चढवलीस, आता स्वतःच्या अकलेवर एक चढव.

चेष्टा करते, रागावू नकोस. फोरमनने चार वर्षं खपून बोट नीट केली म्हणतोस, तर ती चालेलही. बिस्किटांच्या कारखान्यात आयुष्य गेलं त्याचं, पण शाळेत असल्यापासून तो हाती घेतलेलं अर्धवट सोडायचा नाही. मास्तर बरोबर आहे म्हणजे वाटेत बडबडीला तोटा नाही. या बाबांनो, साठीला आलात, आता नाही तर कधी.

सोबत एक पिशवी पाठवते. मेणकापडाची आहे, नकाशा आणि कागद भिजू नयेत म्हणून. तिचं झाकण बघ. बटण नाही, नाडी नाही, ओल्या हाताने नुसतं सोडलं की आपोआप मिटतं! दाजींकडे दुरुस्तीच्या रेडिओंचे मोडके स्पीकर पडलेले असतात, त्यातल्या चुंबकाने मी इतके दिवस जमिनीवरच्या टाचण्या गोळा करत होते. एक दिवस डोक्यात आलं आणि तोच अस्तरात शिवून टाकला, समोरच्या बाजूला लोखंडाची पट्टी. पण हे कोणाला सांगायचं नाही हं, तुझ्या त्या दोघांनाही नाही. इथल्या बायका विचारून विचारून थकल्या. शिवणकामात माझं म्हणून एवढं एकच गुपित आहे.

निघायचा दिवस वेळेत कळव. आमच्या बेटावरचं तारघर बंद पडलं ते पडलंच, आठवड्याची डाकबोट हाच आधार. माया आहे ती आहेच, बाकीची इथे आल्यावर देईन.

तुझी,
ताई

२४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पिशवी पोचली. फोरमन तर खुळावलाच. बोटीवर बसून झाकण उघडत होता, सोडत होता, पुन्हा उघडत होता. आत काय घातलंय म्हणून त्याने मला दहादा विचारलं. मी म्हटलं, ताईचं गुपित आहे, मेलो तरी सांगणार नाही. मास्तर म्हणाला की ताईने आतमध्ये एखादा आज्ञाधारक विद्यार्थी शिवला असणार, त्याला तीस वर्षांत असा एक मिळाला नाही.

पिशवीला फोरमनने मानाची जागा दिली आहे. सुकाणूच्या चाकासमोर होकायंत्र बसवलंय, त्याच्या अगदी शेजारी खिळा ठोकून तिथे टांगली. नकाशा आणि काटा एकाच नजरेत राहतात म्हणे. त्याला मी नवा चष्माही करून दिलाय, काट्याखालचे बारीक आकडे वाचता यावेत म्हणून.

दोन फेब्रुवारीला पहाटे निघतो. हिशेबाने दुपारी चारला तुमचा डोंगर दिसेल आणि दिवेलागणीला आम्ही धक्क्यावर. फोरमनला साखरेचं दुखणं आहे, तो इंजेक्शनं बरोबर घेतोय, तेव्हा त्याच्यासाठी गोड काही करू नकोस. माझ्यासाठी कर.

तू धक्क्यावर दिसलीस की हात हलवीन. नाही दिसलीस तर रुसेन. आहे तसंच प्रेम राहू दे.

तुझा,
भिंग्या

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोरमन गेला, हे डाकबोटीवरच्या लोकांकडून तुला कळलं असेल. मी आणि मास्तर आहोत. उन्हाने सोललेले हात आता बरे आहेत म्हणून आज लिहितो. तू तीन दिवस धक्क्यावर उभी होतीस असं ऐकलं. ते ऐकून मला फार रडू आलं.

सकाळ इतकी चांगली होती ताई, की तिची आठवणच नको वाटते. समुद्र सपाट, इंजिन एका सुरात. दहा वाजेपर्यंत किनारा दिसेनासा झाला आणि आम्ही तिघं शाळेतल्यासारखे चेकाळलो. मास्तरने पाढे म्हणून दाखवले, उलटे. फोरमनने चाक माझ्या हाती दिलं आणि काटा या आकड्यावरून हलू द्यायचा नाही असं बजावलं. मी तासभर तो हलू दिला नाही. आयुष्यात मला एवढं मोठं झाल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

चार वाजले, डोंगर दिसला नाही. पाच वाजले. मास्तर म्हणाला की वाट चुकली असेल. फोरमन म्हणाला की होकायंत्र खोटं बोलत नाही, आपला वेग कमी पडतोय एवढंच. म्हणून आम्ही तसेच पुढे गेलो, काट्याच्या सांगण्यावर. अंधार पडला तरी तुमचा दिवा दिसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेल संपलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. पाणी घोटघोट वाटून घेतलं. इंजेक्शनं दोन दिवसांचीच होती, पुढची तुमच्या दवाखान्यातून घ्यायची ठरलं होतं. फोरमन आमची क्षमा मागत राहिला, मग बोलेनासा झाला. चौथ्या दिवशी सकाळी मी त्याच्या ओठांना पाणी लावलं आणि ते तसंच बाहेर आलं. दुपारी एक मालवाहू जहाज आलं. दुपारी आलं ताई.

चूक माझी होती. चष्म्याचा नंबर मी चुकवला, त्याने आकडा चुकीचा वाचला. इथे सगळ्यांना मी हेच सांगितलंय. तू मनाला लावून घेऊ नकोस. माझ्यावर माया ठेवशील का, हे विचारायला धीर होत नाही.

तुझा,
भिंग्या

६ मार्च

प्रिय मास्तर,
स. न. वि. वि.

लेकीकडे जाऊन तुला बरं वाटत असेल अशी आशा. तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती वाचून तू हा कागद जाळ.

चष्मा बरोबर होता. जहाजावरून उतरताना मी होकायंत्र आणि ताईची पिशवी बरोबर आणली होती. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी दुकानात भिंगं घासायच्या टेबलावर दोन्ही ठेवली आणि काटा माझ्या डोळ्यांदेखत फिरला. पिशवी उचलली, तो परत गेला. ठेवली, पुन्हा आला. ताईने झाकणात चुंबक शिवलाय. तू तीस वर्षं वर्गात चुंबकसूची शिकवलीस, पण तुला आत काय आहे ते माहीत नव्हतं. फोरमनलाही नव्हतं, त्याने दहादा विचारलं होतं. मला माहीत होतं. मला सांगितलेलं होतं, आणि मी गुपित सांभाळत बसलो.

इथे लोक म्हणू लागले होते की म्हाताऱ्याला होकायंत्र वाचता येत नव्हतं, स्वतः मेला आणि दोस्तांनाही मारायला निघाला होता. फोरमनवहिनींच्या कानावर हे येऊ लागलं तेव्हा मी चष्म्याचं पुढे केलं. मग वहिनी दुकानात आल्या. तो चष्मा फडक्यात गुंडाळून आणला होता, तो काउंटरवर ठेवला आणि तशाच परत गेल्या. त्या दिवसापासून गिऱ्हाईक फिरकत नाही. ठीक आहे. फोरमनचं नाव राहिलं आणि ताईला झोप लागते. खरं कळलं तर ती पुन्हा सुई हातात धरणार नाही, मी ओळखतो तिला. तू कधी बोलू नकोस, एवढीच भीक मागतो.

जुना लोभ अजून उरला असेल तर तो या कामी लाव.

तुझा,
भिंग्या

२ ऑक्टोबर

चि. भिंग्यास,
अ. उ. आ.

तुझी पत्रं दोन ओळींची होत चालली आहेत. दाजी म्हणतात की लिहायचं नसेल तर कोरा कागद पाठव, निदान घडी तरी तुझ्या हातची असेल. माझं ऐक, जेवत जा. आठ महिने झाले.

आणि तो नंबर चुकवल्याचा विषय मी मानलेला नाही, मानणारही नाही. तुझा हात मी लहानपणापासून पाहिलाय, तू काजळाची रेघसुद्धा मोजून ओढायचास. फोरमनची वेळ आली होती, तू उगाच स्वतःला खात बसला आहेस.

त्याच्यासाठी मला काहीतरी करावंसं वाटत होतं. एवढा खूश झाला होता ना तो पिशवीवर! म्हणून पावसाळ्यात बसून तशाच पाच पिशव्या शिवल्या, आणि इथल्या लाँचवाल्यांना त्याच्या नावाने देऊन टाकल्या. चुंबक यावेळी जरा मोठे मिळाले, झाकण कसं टपकन बसतं! आत काय आहे ते कोणालाच सांगितलेलं नाही. फोरमनने होकायंत्राशेजारी मानाने टांगली होती असं मी सांगितलं, तर सगळ्यांनी तशीच टांगली. धक्क्यावरून पाहिलं की बरं वाटतं मला.

आता काम. त्यातला एक लाँचवाला, आपल्याच शेजारी राहतो, बायको आणि एक लहान मुलगी आहे. हल्ली त्याला नेहमीच्या वाटेवरसुद्धा काटा एक सांगतो आणि डोळे एक सांगतात. होकायंत्र खोटं बोलत नाही, तेव्हा डोळेच गेले म्हणून बिचारा घाबरलाय. मी म्हटलं, समोरच्या किनाऱ्यावर माझा भाऊ आहे, लोकांचं ऐकू नकोस, त्याच्यासारखा चष्मा कोणी करत नाही. पंधरवड्यात तो स्वतःच्या लाँचने येईल. त्याला चांगला चष्मा करून दे. एका माणसाने विश्वासाने तुझ्यापुढे बसावं, एवढंच मला हवंय. त्याने तू माणसांत येशील.

माझी माया त्याच्याबरोबर पाठवते, मोजून घे.

तुझी,
ताई

४ ऑक्टोबर

ती. ताईस,

नमस्कार. हे वाचशील तशी उठ आणि पाचही पिशव्या काढून आण. त्या माणसाला निघू देऊ नकोस. त्याचे डोळे चांगले आहेत. चुंबकाजवळ होकायंत्राचा काटा सरकतो, आमचाही सरकला होता. चष्म्याचं मी खोटं सांगितलं.

तुझी काही चूक नाही. मला माहीत होतं आत काय आहे, माझ्याच समोर फोरमनने तो खिळा ठोकला. तुला कळू नये म्हणून मी आठ महिने गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्यातून या पाच पिशव्या झाल्या.

आज सकाळपासून धक्क्यावर आहे. डाकबोटीआधी पलीकडे जायला कोणी तयार नाही. तिच्यावर स्वतः यायला हवं, पण बोटीच्या फळीवर पाय ठेवला की मी मागे फिरतो. दोनदा फिरलो. म्हणून पत्रच पाठवतोय. तुझा भाऊ भेकड आहे ताई.

भिंग्या

९ ऑक्टोबर

चि. भिंग्यास,

डाकबोट संध्याकाळी लागली. तुझं पत्र धक्क्यावरच फोडलं आणि तशीच धावले. चार पिशव्या मिळाल्या. एका लाँचवरची मी दाताने कापून काढली, लोकांना वाटलं म्हातारी वेडी झाली. दाजींनी चौघांना नीट समजावून सांगितलं.

पाचवा परवा पहाटे निघाला. सात तारखेला. मी त्याला निरोप द्यायला गेले होते भिंग्या. तुझा पत्ता कागदावर लिहून दिला, आणि तो भिजू नये म्हणून माझ्या हाताने त्या पिशवीत घातला. झाकण आपोआप मिटलं. त्याची मुलगी हसली.

त्याची बायको आत्ता माझ्या ओट्यावर बसली आहे. चष्मा तयार व्हायला दोन दिवस लागत असतील ना, असं विचारते. मी हो म्हटलं. खरं अजून सांगितलं नाही. तुझ्यासारखीच मीही गप्प बसले. कसं होतं ते आज मला कळलं.

तुझ्यावर रागावायचं की काय करायचं ते मागाहून बघू, आत्ता तेवढं बळ नाही. तो सात तारखेच्या संध्याकाळी तिकडे पोचला असेल. वाटेत इंजिन बिघडून कुठे थांबला असेल तर आठला, नऊला. उद्या डाकबोट हे पत्र घेऊन निघेल. आलाय का तो? एवढंच लिही. बाकी काही लिहू नकोस.

ताई

१५ ऑक्टोबर

ती. ताईस,

बंदराच्या कचेरीत अकरा तारखेलाच कळवलं. त्यांनी दोन बोटी पाठवल्या होत्या, त्या काल संध्याकाळी रिकाम्या परत आल्या. पुन्हा पाठवायचं अजून ठरलेलं नाही. फोरमनवहिनींना जाऊन सगळं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लावलं.

उद्याच्या डाकबोटीने मी येतोय. फळीवरून ओढून न्यायला दोन हमाल सांगून ठेवले आहेत. त्याच्या बायकोला तू एकटीने सांगू नकोस, मी आलो की दोघं मिळून सांगू.

दुकान सकाळपासून उघडं ठेवलंय, गिऱ्हाइकाची खुर्ची पुसून. आता दिवेलागण झाली. अजून कोणी आलेलं नाही.

तुझा,
भिंग्या